मत्स्यबीजाचे विलगीकरण व चिवट परजीवींचा बंदोबस्त

पावसाळ्यात तलाव भरू लागले की गुडीहत्नूर परिसरात मत्स्यबीज सोडण्याची लगबग सुरू होते. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या या भागात मुख्य पिके कापूस व सोयाबीनची. परंतु गावोगावचे तलाव, ज्यांना येथील तेलुगू भाषक चेरुवु म्हणतात, ते मच्छीमार कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीचे साधन आहेत. २०१६ साली तेलंगण राज्यात शासनामार्फत तलावांत मोफत मत्स्यबीज सोडण्याची योजना सुरू झाली, तेव्हापासून बीज सोडण्याच्या कामाकडे सर्वांचेच लक्ष अधिक वेधले गेले. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली दूरदूरच्या बीज केंद्रांवरून येते आणि पिशव्या काठावर उघडून तलावात सोडली जाते.

या पिशव्यांतून केवळ मासेच येतात असे नाही. बोटुकलीच्या अंगावर, कल्ल्यांत किंवा पिशवीतील पाण्यात एखादा परजीवी असेल तर तोही त्याच क्षणी तलावात शिरतो. एकदा तो मोठ्या तलावात पसरला म्हणजे त्याला तेथून हुसकून लावणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून नव्या बीजाला काही काळ वेगळे ठेवणे, म्हणजेच त्याचे विलगीकरण करणे, हा मत्स्यसंवर्धनातील स्वस्त व खात्रीचा उपाय होय. विलगीकरणात औषध कसे व किती वेळा द्यावे, आणि एकदाच औषध देऊन परजीवी का मरत नाहीत, याचा विचार या लेखात केला आहे.

औषध दिले तरी परजीवी पुन्हा का दिसतात?

अनेक ठिकाणी असा अनुभव येतो की औषध दिल्यावर मासे दोन-चार दिवस चांगले दिसतात, परंतु आठ-पंधरा दिवसांत परजीवी पुन्हा अंगावर दिसू लागतात. मग औषध खोटे होते, किंवा मात्रा कमी पडली, असा समज होतो आणि पुढच्या खेपेस दुप्पट मात्रा घातली जाते. त्यात परजीवींऐवजी मासेच दगावतात.

खरे कारण परजीवीच्या जीवनक्रमात असते. शेतकऱ्याला हे समजण्यास कठीण नाही. कापसावरील अळी फवारणीने मरते, परंतु कोषात असलेल्या किडीवर त्याच फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. माशांवरील परजीवींचेही तसेच आहे. त्यांच्या आयुष्यात अंडे, पिल्लू, माशाच्या अंगातील अवस्था व पाण्यात मोकळी फिरणारी अवस्था असे टप्पे असतात. यांपैकी एखाद-दुसऱ्या टप्प्यावरच औषध लागू पडते. बाकीचे टप्पे कवचाआड, मांसात किंवा त्वचेखाली सुरक्षित राहतात. तेव्हा परजीवीचा बंदोबस्त औषधाच्या जोरावर होत नसून वेळापत्रकावर होतो. सुरक्षित अवस्थेतील जीव बाहेर पडेल त्या वेळी पाण्यात योग्य मात्रेत औषध असले पाहिजे.

नेहमी आढळणारे चार परजीवी

माशांवरील ऊ : हिला शास्त्रीय भाषेत आरग्युलस म्हणतात. ती चपटी, गोलसर, फिकट हिरवट व अर्धपारदर्शक असून अर्ध्या ते एक सेंटिमीटरपर्यंत वाढते. माशाच्या परांच्या बुडाशी ती चिकटून बसते व सोंड खुपसून रक्त आणि शरीरातील द्रव शोषते. त्या जागी लाल व्रण पडतो. रोहूवर तिचा उपद्रव अधिक दिसतो. तिची खोड अशी की अंडी घालण्यासाठी मादी माशाला सोडून जाते व दगड, बांबू, खुंट, पाणवनस्पतींचे देठ अशा टणक वस्तूंवर ओळीने अंडी चिकटविते. उबदार पाण्यात ही अंडी साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात. अंड्यावर औषधाचा परिणाम होत नाही.

नांगरकृमी : याचे नाव लर्निया. नावात कृमी असले तरी हा झिंग्याच्या दूरच्या नात्यातला जीव आहे. मादी आपले डोके नांगराप्रमाणे माशाच्या मांसात रुतविते. बाहेर दोऱ्यासारखे शरीर व त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतात. रुतलेल्या मादीवर बहुतेक औषधे चालत नाहीत. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांवर मात्र औषध चालते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात याचा जीवनक्रम सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग : हा एकपेशीय जीवामुळे होतो. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्यात त्वचेखाली एक परजीवी वाढत असतो आणि तेथे त्याला औषध पोचत नाही. पुरेसा वाढल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्या कवचात विभागून शेकडो पिल्ले निर्माण करतो. ही पिल्ले पाण्यात पोहू लागतात. दोन-तीन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाला बळी पडणारी अवस्था हीच होय.

कल्ल्यांवरील चपटे कृमी : हे साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत. मासा पाण्याच्या पृष्ठभागी येऊन धापा टाकतो व कल्ल्यांवर बुळबुळीतपणा वाढतो. यांपैकी एक जात अंडी घालते व तिच्या अंड्यांवर औषध चालत नाही. म्हणून उपचार पुन्हा करावा लागतो. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आवश्यक आहे.

हे चारही परजीवी माणसाला बाधत नाहीत. परंतु मासे खंगतात, वाढ खुंटते, व्रणांतून इतर रोग शिरतात आणि बाजारात डागळलेल्या माशाला भाव येत नाही. हे नुकसान सर्वस्वी मच्छीमाराच्या पदरी पडते.

विलगीकरणाची जागा कशी असावी?

तलावातच हापा, म्हणजे बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा, बांधून त्यात नवे बीज ठेवले की विलगीकरण झाले असे पुष्कळांना वाटते. ही चूक आहे. जाळीतून मासा बाहेर जात नाही, परंतु परजीवीची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले सहज जातात. पाणी एकच असेल तर विलगीकरण झाले असे म्हणता येत नाही.

त्यासाठी सिमेंटचे टाके, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेला खड्डा किंवा छोटा संगोपन तलाव वापरावा. त्यातील सांडपाणी मुख्य तलावाकडे वाहणार नाही अशा उताराच्या बाजूस तो असावा. तळाशी दगड, झाडोरा, काटक्या ठेवू नयेत; कारण अंडी घालण्यास परजीवीला तीच जागा हवी असते. विलगीकरणाचे जाळे, बादली व टोपली स्वतंत्र ठेवावी. तसे शक्य नसेल तर प्रत्येक वापरानंतर ही साधने कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. ओले जाळे एका तलावातून दुसऱ्या तलावात नेणे म्हणजे परजीवीला वाहन पुरविण्यासारखे आहे.

बीज आल्यावर बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटे टाक्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, म्हणजे आतील व बाहेरील तापमान सारखे होते. मग पिशवीत थोडे थोडे टाक्याचे पाणी घालून मासे हलक्या जाळीने काढून घ्यावेत. पिशवीतील पाणी टाक्यात किंवा तलावात ओतू नये. ते दूर जमिनीवर ओतावे. निरनिराळ्या पिशव्यांतील दहा-वीस मासे भिंगाखाली पाहावेत. परांची बुडे, पोट, शेपूट व कल्ले यांची पाहणी करावी.

किती दिवस ठेवावे, याचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बीज आले त्या तारखेपासून दिवस न मोजता शेवटचा परजीवी दिसला त्या तारखेपासून मोजावेत. उबदार दिवसांत त्यानंतर किमान तीन आठवडे मासे स्वच्छ राहिले पाहिजेत. आदिलाबाद जिल्ह्यात हिवाळा चांगलाच कडक असतो. थंड पाण्यात परजीवीचा जीवनक्रम मंदावतो, अंडी उशिरा फुटतात व ठिपके उशिरा दिसतात. म्हणून थंडीत आलेल्या माशांसाठी हा काळ पाच-सहा आठवड्यांपर्यंत वाढवावा.

संस्थेकडे येणारे सर्व बीज इतके दिवस वेगळे ठेवणे नेहमीच शक्य होणार नाही. अशा वेळी निदान नमुना तपासणी व मिठाच्या पाण्याची आंघोळ टाळू नये, आणि एखाद्या खेपेत परजीवी दिसले तर ती खेप तलावात सोडण्याचे थांबवावे. दुसऱ्या तलावातून आणलेले मोठे मासे, अंड्यांवरील मासे व शोभेचे मासे यांचे मात्र विलगीकरण झालेच पाहिजे. धडधाकट दिसणारा मोठा मासा पुष्कळदा रोगाचा वाहक असतो. एकदा रोगातून उठलेल्या माशात काही अंशी प्रतिकारशक्ती येते. त्याच्या अंगावर थोडेच परजीवी राहतात, ते नजरेस पडत नाहीत, पण नव्या कोवळ्या बीजाला पुरेसे असतात.

औषधांची मात्रा व वेळापत्रक

१. मिठाची थोड्या वेळाची आंघोळ : साधे मीठ, दर लिटर पाण्यास ३० ग्रॅम. ५० लिटरच्या टबासाठी दीड किलो मीठ लागते. मासे जाळीत घेऊन दोन-तीन मिनिटे बुडवावेत. मासा कलंडू लागला तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच ताज्या पाण्यात सोडावा. याने काही उवा सुटतात व अंगावरील बुळबुळीत थरासह पुष्कळ लहान परजीवी निघून जातात.

२. मिठाचे दीर्घ स्नान : पांढऱ्या ठिपक्यांसाठी टाक्यातील पाण्यात दर लिटरला ३ ते ५ ग्रॅम मीठ ठेवावे. २०० लिटर पाण्यास ६०० ग्रॅम ते १ किलो मीठ लागेल. ते एकदम न घालता दिवसभरात तीन-चार हप्त्यांनी विरघळवून घालावे. ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबवू नये. ठिपका नाहीसा होणे म्हणजे परजीवी मरणे नव्हे. तो गळून तळाशी गेला असून आता त्याची शेकडो पिल्ले निघणार आहेत. त्यामुळे ठिपके गेल्यावरही किमान एक आठवडा मीठ कायम ठेवावे. पाणी बदलले तर बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. तळाची घाण रोज नळीने ओढून काढावी. तिच्याबरोबर कवचातले परजीवीही जातात.

३. पोटॅशियम परमँगनेट : दर लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटर पाण्यास १ ग्रॅम. ५ ते १० मिनिटे स्नान द्यावे. हे औषध अंदाजाने चिमटीने घालू नये. सराफाच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलावे. फॉर्मॅलिनबरोबर ते कधीही मिसळू नये.

४. नांगरकृमीसाठी : मोजके मोठे मासे असतील तर ओल्या कापडात धरून चिमट्याने कृमी मुळापासून काढावा व जखमेवर परमँगनेटचे सौम्य द्रावण लावावे. पाण्यातील पिल्लांसाठी मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याने सुचविलेले औषध पहिल्या, आठव्या, पंधराव्या व बाविसाव्या दिवशी द्यावे. मधली एक फेरी चुकली तरी त्या आठवड्यात निघालेली पिल्ले वाढून पुन्हा मांसात रुततात आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

५. उवांसाठी : टाक्यात दोन-तीन लाकडी फळ्या किंवा बांबूचे तुकडे उभे करावेत. मादी त्यांवर अंडी घालते. दर आठवड्याला फळ्या बाहेर काढून उन्हात खडखडीत वाळवाव्यात व खरवडून पुन्हा ठेवाव्यात. हा उपाय मुख्य तलावाच्या काठीही करता येतो. एकही पैसा न लागता परजीवीची पुढची पिढी यातून कमी होते.

कोणत्याही स्नानाच्या वेळी पाण्यात हवा सोडण्याची व्यवस्था असावी. आधल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. प्रथम पाच-दहा माशांवर मात्रा पाहून मगच सर्वांना द्यावी.

फवारणीचे औषध तलावात नको

कापसाच्या प्रदेशात कीटकनाशकाची बाटली घरोघरी असते. उवा झिंग्याच्या वर्गातील असल्याने काही कीटकनाशकांनी त्या मरतात, हे खरे आहे. त्यामुळे उरलेले फवारणीचे औषध तलावात ओतण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या औषधाने ऊ मरते त्याच औषधाने माशांचे नैसर्गिक खाद्य असलेले सूक्ष्म जीव व झिंगेही मरतात. तलावावर गुरे पाणी पितात, बायका धुणे धुतात आणि तेच मासे ताटात येतात. अपुऱ्या मात्रेतून जगलेल्या उवांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देईनाशी होते, हा तोटा वेगळाच. उवांची कात टाकण्याची क्रिया रोखणारी किंवा खाद्यातून देण्याची औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती मत्स्यव्यवसाय अधिकारी किंवा पशुवैद्यक यांच्या लेखी सल्ल्यानेच वापरावीत आणि त्यांनी सांगितलेले दिवस भरल्याशिवाय मासे विकू नयेत. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग खाण्याच्या माशांसाठी अजिबात वापरू नये.

समुद्राच्या माशांचा दाखला

हा धडा केवळ गोड्या पाण्यापुरता नाही. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना समुद्रातील जिवंत मासे प्रथम दाखविले. आज शहरांत हौशी लोक घरीही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. समुद्री माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. तो क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या दुसऱ्या एकपेशीय जीवामुळे होतो, पण त्याचा जीवनक्रम मात्र तसाच असतो. माशावर तो साधारण तीन ते सात दिवस राहतो. नंतर गळून कवचात जातो, आणि कवचातून पिल्ले बाहेर पडण्यास तीन दिवसांपासून चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याचा चिवटपणा या अनिश्चित काळात आहे.

तेथे उपाय तीन. पहिला, विलगीकरणाच्या मोकळ्या टाकीत तांब्याचे औषध दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके, रोज मोजून, किमान तीन आठवडे कायम ठेवणे. दुसरा, पाण्याचा खारेपणा हळूहळू निम्म्याहून कमी करणे. मासा ते सोसतो, परजीवी सोसत नाही. तिसरा उपाय औषधाविना आहे. दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवावयाचे, असे चार वेळा करावयाचे. गळून पडलेले परजीवी मागच्या टाकीत राहतात आणि पिल्ले निघण्यापूर्वीच मासे पुढे गेलेले असतात. तांबे प्रवाळ व शिंपले मारते आणि चुनखडीचे दगड ते शोषून घेतात; म्हणून मुख्य टाकीत ते चालत नाही. तिकडचे मत्स्यपालकही याच कारणाने नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवतात.

उन्हाळा हा मित्र

मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवली तर परजीवी उपासमारीने मरतात, असा समुद्री मत्स्यालयाचा नियम आहे. गुडीहत्नूरकडील पुष्कळ तलावांना ही सवलत निसर्गच देतो. वैशाखात तलाव आटतो, तळ भेगाळतो, आणि अंडी व पिल्ले उन्हाने मरतात. मात्र खोलगट डबक्यात मरळ किंवा इतर मासे उरले असतील तर परजीवींना तेवढा आसरा पुरतो. म्हणून शेवटच्या मासेमारीत डबकी पूर्ण उपसावीत, जुने खुंट व बांबू काढून वाळवावेत. बारमाही पाण्याच्या जलाशयांना ही संधी मिळत नाही. तेथे बीजाची तपासणी अधिक काटेकोर हवी.

शाळा व संस्था यांचे काम

हा विषय शाळेत शिकविण्यासारखा आहे. एका काचेच्या बरणीत उवांची अंडी असलेला बांबूचा तुकडा तलावाच्या पाण्यात ठेवून ती कितव्या दिवशी फुटतात याची नोंद विद्यार्थ्यांना घेता येईल. एक बरणी उबेला व दुसरी सावलीत थंड जागी ठेवल्यास तापमानाचा परिणाम डोळ्यांना दिसेल. प्रयोग संपल्यावर बरण्यांतील पाणी तलावात न ओतता उकळून टाकावे. औषधाच्या मात्रेची गणिते सातवी-आठवीच्या मुलांना सहज सुटतात; मच्छीमार संस्थेच्या टाक्याची लांबी, रुंदी व खोली मोजून त्यांनीच ती सोडवावीत. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे.

मच्छीमार सहकारी संस्थेने एक नोंदवही ठेवावी. बीज कोणत्या तारखेस व कोठून आले, तपासणीत काय दिसले, कोणते औषध किती मात्रेत व कितव्या दिवशी दिले, आणि शेवटचा परजीवी कधी दिसला, इतक्या नोंदी त्यात असाव्यात. पुढील वर्षी बीज कोणाकडून घ्यावे याचा निर्णय या वहीवरून करता येतो, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासही ऐकीव माहितीवर विसंबावे लागत नाही.

पिशवी फोडून बीज तलावात सोडण्यास पाच मिनिटे लागतात. त्याला तीन आठवडे थोपविण्यास धीर लागतो. परंतु ते तीन आठवडे छोट्या टाक्यात, थोड्या पाण्यात, किलोभर मिठावर निभतात. तेच काम एकदा परजीवी तलावात शिरल्यावर करावयाचे म्हटले तर सारे गाव मिळूनही पार पडत नाही. बीज सोडण्यापूर्वी थांबावे, पाहावे, दिवस मोजावे आणि मगच पाण्यात सोडावे, हाच या बंदोबस्ताचा सारांश होय.